मोटरचं ॲप, चावीचं चिन्ह आणि माझे तीन दिवस

आमचं शेत चोपडा तालुक्यात, केळी आहे, विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आणि थ्री फेज येते तिच्या मर्जीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दीड-दोन वाजता उठून गाडीवर शेतात जायचं, स्टार्टर दाबायचा, फिल्टर बघायचा आणि परत यायचं, हे मी पंधरा वर्षं केलं. हिवाळ्यात तापीकडून वारा येतो तेव्हा ते दोन किलोमीटर पण वीस वाटतात. तर यंदा ठरवलं की मोबाईल स्टार्टर, म्हणजे घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करायचा डबा, बसवूनच टाकू. डीलरचा पोरगा आला, पेटीत डबा बसवला, सिम टाकलं आणि म्हणाला, "भाऊ, ॲप प्ले स्टोअरवर नाहीये, व्हॉट्सॲपला फाईल टाकतो, तेवढी इन्स्टॉल करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे."

ते पाच मिनिटांचं काम तीन दिवस चाललं.

आधी मी त्या फाईलला हातच लावला नाही. कारण आमच्याच गावात एकाला आरटीओ चलानच्या नावाने अशीच एपीके फाईल (प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाईल) आली होती, त्याने दाबली आणि पीक कर्जाचे आलेले पैसे संध्याकाळपर्यंत खात्यातून गेले. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला असता तर काहीतरी अडवलं गेलं असतं, पण त्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून मी डीलरला फोन लावून विचारलं की ही फाईल तुम्हीच टाकली ना, तो हसला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मग दाबली. तर फोनच म्हणाला की प्ले प्रोटेक्टने (फोनमधली गुगलची राखण) ब्लॉक केलं, हे ॲप संवेदनशील डेटा मागू शकतं. पुढे जायचं बटणच नाही, फक्त ओके. डीलरला परत फोन. तो म्हणे प्ले प्रोटेक्ट बंद करून टाका, सगळे तेच करतात. मी फोन स्पीकरवर ठेवून सेटिंगमध्ये गेलो तर ते बटण हलायलाच तयार नाही! नंतर कळलं की कॉल चालू असताना ते बंद करताच येत नाही, मुद्दाम तसं केलंय, कारण फसवणारे लोक फोनवर बोलता बोलताच ते बंद करायला लावतात. तेव्हा मला जरा बरंच वाटलं, म्हटलं फोनला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

ब्लॉक का केलं तेही सांगतो. हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. मोटर बंद पडली की डबा मेसेज टाकतो आणि ॲप तो वाचतं, म्हणजे कारण खरं होतं, पण ओटीपी चोरणारं ॲप पण हीच परवानगी मागतं, फोनला कसं कळणार कोण साव आणि कोण चोर. २०२४ मध्ये गुगलने भारतात हे सुरू केलं की ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाईल मॅनेजर अशा ठिकाणाहून आलेलं ॲप असली परवानगी मागत असेल तर सरळ अडवायचं. मी प्ले प्रोटेक्ट काही बंद केलं नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर तिथली ताई म्हणाली, सर, ती जुनी फाईल आहे, नवीन आमच्या वेबसाईटवर आहे, त्यात एसएमएसची परवानगी काढून टाकलीये. डीलर वर्षभर जुनीच फाईल वाटत बसला होता!

वेबसाईटवरून डाउनलोड केली. क्रोमला अननोन ॲप्सची परवानगी दिली (ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, काम झालं की परत बंद करा, मी केली). आता नवीनच, "पॅकेज पार्स करताना अडचण आली". दोनदा, तीनदा, तेच. शेवटी डाउनलोडमध्ये फाईलची साईज बघितली तर वेबसाईटवर लिहिलंय ३८ एमबी आणि माझ्याकडे उतरलीये २१. म्हणजे अर्ध्यातच तुटत होती, आणि फोन ते न सांगता पार्स वगैरे म्हणत होता. घराच्या गच्चीवर जाऊन परत उतरवली, चौथ्यांदा पूर्ण आली, इन्स्टॉल झालं. मी खुश. पण का तुटत होती याचा विचार केला नाही, तो केला असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

ॲप उघडलं, मोबाईल नंबर टाकला, गोल फिरलं फिरलं आणि आलं, "नेटवर्क एरर. कृपया आपलं इंटरनेट तपासा."

आता इंटरनेट तर चालू, यूट्यूब चालतंय, व्हॉट्सॲप चालतंय, बाजारभाव दिसताहेत. मी फोन बंद करून चालू केला, एअरप्लेन मोड लावून काढला, ॲपचा कॅशे साफ केला, ॲप काढून परत टाकलं. दुसऱ्या सिमचा डेटा लावला, तेच. शेजारच्या दुकानात वायफाय आहे तिथे जाऊन बसलो, चहा झाला, शेव झाली, एरर तीच. दुकानदार आमचा अहिराणीवाला, तो म्हणे, "नेट ते चालू शे ना भो, तुना मोबाईल मा च काहीतरी गडबड शे." मी म्हटलं नाही रे, कंपनीचा सर्व्हर डाऊन असेल. खरं तर त्याचंच बरोबर होतं. तीन वेगवेगळे नेट लावून एरर एकच येत असेल तर नेटचा दोष कसा असेल, पण हे तेव्हा सुचत नाही, तेव्हा फक्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या फोनमध्ये टाकून बघितलं. तिचा नेटपॅक संपलेला म्हणून माझा हॉटस्पॉट दिला. आणि काय, एका मिनिटात ओटीपी आला, लॉगिन झालं! म्हणजे माझंच सिम, माझंच नेट, तिच्या फोनवर चालतंय आणि माझ्या फोनवर नाही. मी दोन्ही फोन शेजारी ठेवून बघत बसलो. तेव्हा दिसलं की माझ्या फोनवर वर बॅटरीच्या बाजूला एक बारीकशी चावी आहे आणि तिच्या फोनवर नाही.

ती चावी म्हणजे व्हीपीएन, आपलं नेट दुसरीकडच्या, बऱ्याचदा परदेशातल्या, सर्व्हरमधून फिरवून नेणारं ॲप. पुतण्या दिवाळीच्या सुट्टीत आला होता, त्याने कुठलीतरी गेम खेळायला माझ्या फोनमध्ये एक फुकटचं व्हीपीएन टाकलेलं आणि तसंच सोडून गेला. त्याला फोन केला तर म्हणतो, "काका, ते अजून चालू आहे का?" अरे, मी कशाला बंद करेन, मला माहीतच नाही! आपला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दाखवणाऱ्या साईटवर गेलो तर मी नेदरलँड्समध्ये बसलेलो. चोपड्याच्या घरातून मोटर चालू करायला निघालो आणि कंपनीच्या सर्व्हरला वाटतंय कोणीतरी युरोपातून घुसतंय, तर तो दार लावून घेणारच. कस्टमर केअरच्या ताईने नंतर कबूल केलं की त्यांचा सर्व्हर भारताबाहेरचे आयपी घेतच नाही. मग एररमध्ये तसं लिहा ना बाई, इंटरनेट तपासा काय. आणि हॉटस्पॉटवरून दुसऱ्याला जाणारं नेट अँड्रॉइडमध्ये सहसा आपल्या व्हीपीएनमधून जात नाही, म्हणून बायकोचा फोन थेट भारतातूनच गेला. फाईल तुटत होती ती पण ह्याच फुकट्या व्हीपीएनमुळे, आणि मी टॉवरला शिव्या देत होतो.

बंद केलं तर दोन मिनिटात चावी परत हजर. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात व्हीपीएन, नावाच्या बाजूला गिअरचं चिन्ह, ते दाबल्यावर दिसलं की "ऑलवेज-ऑन" चालू आणि त्याच्याखालचं "व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा" हे पण चालू. दोन्ही बंद केले, मग ॲपच उडवलं.

आता तरी? नाही. लॉगिन झालं पण मोटरचं पान उघडेना, नुसतं गोल फिरतंय. ह्यावेळी पुतण्याला शिव्या देता येईना कारण हा उद्योग माझा होता. एका व्हिडिओत बघून जाहिराती बंद करायला मी प्रायव्हेट डीएनएसमध्ये एक पत्ता टाकला होता. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून ही सोय आहे. कुठल्याही साईटचं नाव टाकलं की तिचा नंबर शोधून द्यायचं काम डीएनएस करतं, आणि जाहिराती अडवणारं डीएनएस काही नावं मुद्दाम सांगतच नाही. त्यात ह्या ॲपच्या एका सर्व्हरचं नाव पण अडकलेलं. ऑटोमॅटिक केलं, पान धडकन उघडलं, फेज दिसायची जागा आली, पण लिहिलेलं "डिव्हाइस जोडा".

ते शेतातच करायचं होतं. डबा सुरुवातीला स्वतःचं वायफाय सोडतो, त्याला फोन जोडायचा आणि १९२.१६८.४.१ ह्या पत्त्यावर ॲप त्याच्याशी बोलतं. लोकेशन चालू नसेल तर डब्याचं वायफाय ॲपच्या यादीत दिसतच नाही, हे मला तिथल्या वायरमनने सांगितलं. जोडल्यावर फोन म्हणतो ह्या वायफायला इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का, तर हो म्हणायचं. आणि मोबाईल डेटा बंद ठेवायचा, नाहीतर फोन शहाणपणा करून डब्याचा निरोप टॉवरकडे पाठवतो, मी दोनदा तसंच घालवलं. तिसऱ्यांदा डेटा बंद करून लावलं आणि डब्यातला हिरवा लाईट लुकलुकायचा थांबून स्थिर झाला.

त्या रात्री पावणेदोनला खाटेवरूनच बटण दाबलं. ॲपमध्ये तिन्ही फेज दिसले, ४१२, ४०८, ४१५ व्होल्ट, खाली "मोटर चालू". झोपायचा प्रयत्न केला. दहा मिनिटांनी उठलो, स्वेटर घातलं, गाडीला किक मारली. ओट्यावर झोपलेले अप्पा गोधडीतूनच म्हणाले, "मंग हाऊ डबा कसाले लिधा?"