तुम्ही विचारलंत म्हणून: मार्टेन्साइट आहे कुठे?

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी मटेरियल्स शिकवतो. आयर्न-कार्बन डायग्राम (किती कार्बन आणि किती तापमान असताना पोलादाची आतली रचना कोणती, ते दाखवणारी आकृती) फळ्यावर काढून झाला की दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, पर्लाइट सापडलं, सिमेंटाइट सापडलं. मार्टेन्साइट कुठंय यात?" ही सगळी पोलादाच्या आतल्या रचनांची नावं. बहुतेकांना परीक्षेची धास्ती असते, पण प्रश्न अगदी मोक्याचा आहे.

ते यात नाहीच.

या आकृतीत आडवी कार्बनची टक्केवारी आणि उभं तापमान. वेळ कुठेच नाही. पोलाद हवं तितकं सावकाश निवतंय, असं तिनं धरूनच चाललेलं असतं. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू आणलं, तर ऑस्टेनाइटमधला (तापलेल्या पोलादाच्या रचनेतला) कार्बन सुटा होतो आणि फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) व सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) यांचे पापुद्रे एकाआड एक बसतात. ते पर्लाइट. तोच तुकडा लाल तापवून एकदम पाण्यात बुडवा. लोखंडाचे अणू रचना बदलतात, पण कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. भुसावळला गाडी दोनच मिनिटं थांबावी आणि उतारू आतच राहावेत, तसं. अडकलेल्या कार्बनमुळे अणूंची जाळी एका बाजूनं ताणली जाते. हे मार्टेन्साइट. कमालीचं कठीण, आणि ठिसूळही.

ठिसूळ म्हणजे किती, ते मी स्वतःच्या हातानं पाहिलंय. मी डिप्लोमाला होतो. 'हार्डनिंग' नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे अंगात जोर. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी लोहारआप्पांच्या भट्टीवर ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची सुरी घडवली, लाल केली, पाण्यात घातली. कानस लावून पाहिली तर कानस नुसती घसरली. मी खूश! आप्पा म्हणाले, "आते पानी उतारनं पडी भाऊ, नही ते काचना मायक फुटी जाई." म्हणजे आता कठीणपणा थोडा उतरवावा लागेल, नाहीतर काचेसारखी फुटेल. मी ऐकलं नाही. घरी ओट्यावर सुरी हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

दुसऱ्या सुरीला आप्पांनी पाणी दिलं, मग एक बाजू दगडावर घासून चकचकीत केली आणि निखाऱ्यावर धरली. पोलादावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, मग तपकिरी, मग जांभळा. "वांग्याचा रंग आला की बस," म्हणत त्यांनी ती पाण्यात टाकली. (भरताच्या मुलखात दुसरी उपमा सुचणार तरी कशी?) पुस्तकात याला टेम्परिंग म्हणतात. पिवळा म्हणजे साधारण २३० अंश, जांभळा २८० च्या आसपास. रंग येतो तो वरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. आत मात्र अडकलेला कार्बन थोडाथोडा सुटतो, कठीणपणा जरा उतरतो आणि चिवटपणा येतो. ती सुरी आजही घरात आहे.

मग डायग्राम कशाला काढायचा? तापवायचं कुठवर, ते तोच सांगतो म्हणून. पुरतं ऑस्टेनाइट झालं नसेल तर पाणी देऊन काय उपयोग? आप्पा हे रंगावरून ओळखायचे, म्हणून पाणी द्यायचं काम दिवेलागणीला. भर उन्हात लाली नीट दिसत नाही. तुमची नजर तयार होईपर्यंत चुंबक वापरा. साधारण ७७० अंशांना तो चिकटेनासा होतो. तिथून थोडं आणखी तापवा, मग बुडवा.

आणि टीटीटी (टाइम-टेम्परेचर-ट्रान्सफॉर्मेशन) डायग्राममध्ये वेळ आडव्या अक्षावर असतो. तो सोमवारी.