पन्हाळ्यावरची भुतं: पोरांना घेऊन जाणार असाल तर

पाचवी ते आठवीच्या पोरांना भुताच्या गोष्टींसाठी पन्हाळ्यावर नेणार असाल, तर गोष्टी घरूनच तयार करून न्या. गडावर माहिती सांगणारा शोधू नका. आमच्या गटाला भेटलेल्याने पैसे ठरवले गटाचे आणि शेवटी मागितले माणशी. पैशाचं एक वेळ सोडून देता येईल. पण राजदिंडीपाशी, म्हणजे वेढ्यातून महाराज निसटले त्या छोट्या दरवाजापाशी, त्याने पोरांना सांगितलं, की शिवा काशिदांचं मुंडकं नसलेलं भूत इथं अमावस्येला फिरतं. १६६० च्या जुलैत महाराजांचं रूप घेऊन शत्रूच्या हाती गेलेला आणि त्यापायी जीव दिलेला माणूस, त्याच्या नावानं पोरांना भिववायचं? असं कुणी सुरू केलं तर तिथंच थांबवा. बाजीप्रभूंच्या बाबतीतही तेच.

भीतीच हवी असेल तर तीन दरवाजाजवळची अंधारबाव पुरते. काळ्या दगडाची तीन मजली वास्तू आहे, वरून बघणाऱ्याला आत विहीर असेल असं वाटतही नाही. तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची चोरवाट. वेढ्यात पाण्यात विष कालवणं हा शत्रूचा नेहमीचा डाव असायचा, म्हणून पाणीच झाकून पहाऱ्यात ठेवलेलं. इथं 'सात हडळी' वगैरे जे सांगतात ते इथलं नाही, कुठल्याही गावच्या कुठल्याही विहिरीला ते चिकटवता येतं.

अंधारबावेचा जिना हीच या सगळ्या फेरीतली वाईट जागा, आणि त्याबद्दल कुणी सावध करत नाही. पावसाळा संपून दिवाळी आली तरी दगड ओलसर असतो आणि कोपऱ्यात शेवाळ टिकून राहतं. उन्हातून थेट आत शिरलं की डोळ्यांना काही दिसत नाही. अशा वेळी प्रत्येक पोरगं मोबाईलचा टॉर्च लावतं, तो पुढच्याच्या पाठीवर पडतो आणि त्या सावलीत नेमकी पुढची पायरी गडप होते. पाय घसरतो तो इथं. म्हणून एकावेळी आठच पोरं न्या, दोन मोठी माणसं सोबत. एक बॅटरी सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, दोन्ही जमिनीकडे धरलेल्या, आणि मोबाईल खिशात. दारात सावलीत पाचेक मिनिटं उभं करा, डोळे सरावू द्या. उतरताना एक हात भिंतीला, पाऊल आडवं. चप्पल घातलेल्या पोराला खाली न्यायचंच नाही, मग तो कितीही रडला तरी. पाण्याच्या मजल्यापर्यंत जायची काहीच गरज नाही, मधला मजला बास.

गोष्ट आत सांगू नका. आत सांगितली की मागची पोरं घाबरून पुढच्यांवर रेटतात, आणि जिन्यावर रेटारेटी म्हणजे कुणाचं तरी डोकं फुटणार. वर उजेडात सांगा, मग गप्प उतरा. मधल्या मजल्यावर सगळ्यांना खाली बसवून बॅटऱ्या विझवा, दोन मिनिटं. वरून ठिबकलेला एक थेंब खाली पाण्यात पडला तरी दगडी भिंतींमुळं तो आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटतो. पारव्याचे पंख फडफडले तर माणूस धावत आल्यासारखं वाटतं. पोरं एकमेकांचे हात घट्ट धरतात. मग बॅटरी लावून तो थेंब नेमका कुठून पडतो ते शोधायला लावा. भीती कशानं वाटली ते त्यांचं त्यांना सापडतं, आणि तरी रात्री घरी सांगायला उरतंच.

आणि गोष्ट कुठली? महाराजांच्या कोंडाजी फर्जंदांची. ६ मार्च १६७३ ची रात्र, त्यांची साठ माणसं, कडा चढून तेव्हा आदिलशाहीकडे असलेल्या याच गडात शिरलेली. आत शिरल्यावर त्यांनी कर्णे फुंकले आणि गडावरच्यांची भंबेरी उडाली. किती माणसं आली, कुठून आली, अंधारात कुणाला कळेना. अंधारात आवाज काय करतो हे या गोष्टीतून जितकं कळतं तितकं कुठल्याच हडळीकडून कळत नाही.

अंबरखाना म्हणजे गडावरचं धान्याचं कोठार, त्यातल्या गंगा कोठीत वटवाघळांचा वास आहे, नाकाला रुमाल लावा. कमानींच्या छताला जी भोकं दिसतात ती वरून धान्य ओतायची, कुणाला टांगायची नव्हेत. हे आवर्जून सांगा, कारण उलटं सांगणारे भेटतात. मोठ्यानं ओरडू देऊ नका, वटवाघळं खवळतात. सज्जाकोठीत नजारा चांगला, भीती शून्य. झुणका-भाकर कुठंही खा.

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार मात्र पावसाळ्यात पोरांसाठी सपशेल नाही. म्हाळुंग्याकडून वर चढलं की सगळं सपाट. धुकं उतरलं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि खुणेला झाडही नाही. इथल्या चकव्याच्या गोष्टी खोट्या म्हणून उडवू नका. समोर खूण नसेल तर सरळ चालतोय असं वाटत असतानाच माणूस गोल फिरतो आणि पुन्हा त्याच दगडापाशी येतो. मोठ्या पोरांना नेणारच असाल तर प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, होकायंत्र एकाकडे, आणि मळलेली वाट सुटली की तिथंच बसायचं. धुकं हटेपर्यंत कुणी वाट 'बघून येतो' म्हणून एकटं उठायचं नाही. तासाभरात हटलं नाही तर, जी वाट नक्की माहीत आहे, त्याच वाटेनं मागे फिरा, पुढचं गाव कितीही जवळ असलं तरी.