मनातल्या मनात ‘क’

खानापूरच्या बाजारात भाव सांगता सांगता माझी वाचाच बसली. दोनेक मिनिटं ओठ हलत होते, शब्द नव्हता. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला गाठ निघाली. बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी फंक्शनल एमआरआय सांगितला. भाषा डोक्यात नेमकी कुठं आहे ते बघायला. पहिला प्रश्न, लिहिता कुठल्या हातानं? उजव्या. उजव्या हाताच्या दहातल्या नऊहून जास्त माणसांची भाषा डावीकडं असते. म्हणजे गाठीच्या शेजारीच.

यंत्रात जाताना अंगावर धातू चालत नाही, आणि चांदीचा करदोटा निघता निघेना. लग्नापासून सुटला नव्हता.

चाचणीसाठीची शब्दांची यादी कन्नडमध्ये होती. मी कन्नडमधून बँकेत भांडतोसुद्धा, पण पैसे मोजतो मराठीतच. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, दोन्ही एकच की वो. डॉक्टरांनी मात्र दोन्हींत घ्यायला लावलं. लहानपणापासून दोन्ही बोलणाऱ्याच्या भाषा मेंदूत बऱ्याचशा एकाच जागी असतात, पण तसं धरून चालायचं नाही म्हणे.

आत बोअर मारल्यासारखा आवाज. आरशात ‘क’ दिसला की ३० सेकंद ‘क’चे शब्द आठवायचे, मग ३० सेकंद नुसती फुली बघायची. तेही मनातल्या मनात, कारण बोललं की डोकं हलतं. कांदा, कुळीथ, कोयता... आणि मधेच कुदुरे, कण्णू! मराठीच्या फेरीत कन्नड घुसलं. ती फेरी तशीही वाया गेली, मी ओठ हलवत होतो.

न बोलता यंत्राला कळतं कसं? मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त वाढतं, तेही गरजेपेक्षा जास्त. पाट फोडला की वाफा भरून वाहतो तसं. प्राणवायू असलेलं आणि सोडलेलं रक्त चुंबकापुढं वेगळं वागतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी हाच फरक चित्रात पकडला. पण हे पाणी पोचतं उशिरा, शब्द सुचल्यावर ५-६ सेकंदांनी भर येतो. फरकही जेमतेम काही टक्के, म्हणून तेच तेच करून घेतात.

चित्रात डावीकडं ठिपका पेटला होता, पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये बोलण्याची म्हणून दाखवलेल्या जागी. गाठीजवळ मात्र रक्ताची ही चाल बिघडते, त्यामुळं ठिपका नाही तिथं भाषाही नाही असं म्हणता येत नाही. म्हणून ऑपरेशनमध्ये मला जागं करून बोलायला लावणार आहेत. कुठल्या भाषेत, ते मी आधीच सांगून ठेवलंय.