सुरतेला क्रिस्पर विचारायला गेलो

भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हे कळलं, त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सिकलसेल आता कायमचा बरा!’ अशी बातमी फिरू लागली. बातमी खोटी नव्हती, शिळी होती. कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनमध्ये आणि ८ डिसेंबरला अमेरिकेत मान्यता मिळाली. क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापायचं तंत्र. त्याने माणसाचा जनुक बदलून केलेला, बाजारात आलेला हा जगातला पहिला उपचार. मेहुणे सरळ म्हणाले, जमीन काढू. बातमीत किंमत दिलेली नव्हती. अमेरिकेत ती २२ लाख डॉलर आहे, म्हणजे १८ कोटींच्या पुढे. शहाद्याकडची काळी कसदार जमीन असली तरी एवढ्याला कोण घेणार?

आजार कसा सापडला ते आधी सांगतो, कारण आमच्या भागात तो सापडायलाच वर्षं जातात. पोरगी सहावीत असल्यापासून हातपाय दुखतात म्हणायची. वाढीचं वय आहे, दुखणारच, असं घरात ठरलं. चेहरा फिका दिसला की ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या. डोळे पिवळे दिसले की कावीळ, आणि कावीळ म्हटली की पंचक्रोशीत मुळी बांधणारा एक माणूस असतोच, त्याच्याकडे. गंमत म्हणजे या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून दुखतं. त्या पेशी जेमतेम दोनतीन आठवडे टिकतात, नेहमीच्या पेशी मात्र १२० दिवसांच्या आसपास. म्हणून रक्त कमी पडतं. आणि पेशी फुटून जे पिवळं द्रव्य सुटतं, ते डोळ्यांत उतरतं. यात अंगात लोह कमी असेलच असं नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शाळेत तपासणीचं पथक आलं ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतून. ही मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. पथकातल्या तंत्रज्ञाने जे केलं ते मी नंतर गावातल्या शिबिरात अगदी जवळून पाहिलं. काचेच्या छोट्या नळीत द्रावण, त्यात बोटातून काढलेलं थेंबभर रक्त, आणि नळीमागे जाड काळ्या रेघांचा कागद. पाचेक मिनिटं थांबायचं. रक्त साधं असेल तर द्रावणातून रेघा स्वच्छ दिसतात. ‘एस’, म्हणजे सिकलसेलचं बिघडलेलं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. पण माणूस नुसता वाहक आहे (बिघडलेला जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेला) की रुग्ण (दोघांकडून आलेला), हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते.

बहीण तेव्हा पथकातल्या बाईंशी भांडली होती. ‘हा आजार सातपुड्यातल्या लोकांचा, आमच्यात नसतो.’ बाईंनी शांतपणे तिच्यापुढे रजिस्टर धरलं. त्यात सगळ्याच वाड्यावस्त्यांवरची आडनावं होती. भिल्ल-पावरा समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं. ज्या भागांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे वाहक असणं फायद्याचं ठरलं, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. पण म्हणून बाकीच्यांच्या रक्तात ‘एस’ नाही असं थोडंच आहे!

पुढची तपासणी नंदुरबारला झाली, आईबाप आणि धाकट्या भावासह. तिचं नाव एचपीएलसी. यंत्रात बोटभर लांबीची एक नळी असते, तिच्यात बारीक कणांचा पदार्थ ठासून भरलेला असतो आणि त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. रक्तातली हिमोग्लोबिनं त्याला चिकटतात आणि मग क्षाराचं प्रमाण वाढवत नेलं की एकेक करून सुटतात, आणि प्रत्येकाचा कागदावर एक उंचवटा उमटतो. ‘एस’ उशिरा सुटतं. कारण त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसलेलं असतं, त्यामुळे एक ऋण भार कमी होतो आणि ते नळीला जास्त वेळ धरून बसतं. रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हाच भारातला फरक वापरून दाखवलं होतं की हा रेणूचाच आजार आहे. नेमकं काय बदललंय ते पुढे सातआठ वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी शोधलं. नंदुरबारच्या त्या खोलीत कागदावर उमटत जाणारे उंचवटे बघताना पॉलिंग मला पहिल्यांदा नीट समजले. मी विज्ञान शिकवतो, तरी.

रिपोर्ट आला. आईबाप दोघंही वाहक. धाकटा वाहक. भाचीच्या कागदावर ‘ए’चा, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, उंचवटाच नाही, ‘एस’ ७६ टक्के, आणि बाजूला ‘एफ’ १७ टक्के. दोन वाहकांच्या पोटी प्रत्येक वेळी मूल रुग्ण असण्याची चारात एक शक्यता असते, हे मी दहावीच्या वर्गात फळ्यावर चौकोन काढून शिकवत आलोय. बहिणीसमोर तोच चौकोन काढायला काही हात धजला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल दिल्या. महिना संपला, पुढच्या आणायच्या होत्या. सरकारी दवाखान्यातला साठा त्या दिवशी संपलेला, म्हणून बहीण बाहेर मेडिकलवर गेली. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली आणि तिला म्हणाला, ‘ताई, हे तर कॅन्सरचं औषध आहे.’ संपलं! घरी आल्यावर कॅप्सूल डब्यात, डबा कपाटात. मला फोन आला तो थेट, ‘भाऊ, आते काय करानं?’

दुकानदार खोटं बोलला नव्हता. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे औषध देतातच. पण अर्धी माहिती तोंडावर फेकायचा हा जो शौक असतो लोकांना, त्याला काय म्हणावं.

तर मग सुरत. नंदुरबारकडच्या माणसाला पुणे-मुंबईपेक्षा सुरत जवळची, दवाखान्यालाही आणि साड्यांनाही. सकाळची गाडी धरली. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. भाचीने तिथे उतरून एक पाय इकडे, एक तिकडे असा फोटो काढून घेतला. सोळा वर्षांची पोर, तिला दवाखान्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

सुरतेच्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंपुढे मी फाईल ठेवली आणि बसल्या बसल्या क्रिस्परचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता फाईल चाळली आणि म्हणाल्या, ‘मामाजी, पहले ये बताओ, बच्ची हायड्रॉक्सियुरिया लेती है?’ बहीण म्हणाली, घेते. बाईंनी रक्ताच्या ताज्या रिपोर्टमधल्या एमसीव्ही या आकड्यावर पेन ठेवलं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ही कॅप्सूल नियमित चालू असली की ते वाढतं. इथे ते जागचं हललं नव्हतं. बहिणीने मान खाली घातली, मग कपाटातल्या डब्याचं सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ‘एफ’च्या १७ टक्क्यांभोवती गोल केला आणि पुढचा अर्धा तास त्या एकाच आकड्यावर बोलल्या.

‘एफ’ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. बाळ पोटात असताना ते असतं, जन्मल्यावर काही महिन्यांत बंद होत जातं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. म्हणूनच सिकलसेलची बाळं पहिले काही महिने ठणठणीत दिसतात. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच म्हटलं होतं की तान्ह्यांना ‘एफ’ वाचवत असावं. ऑक्सिजन सुटला की ‘एस’चे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि पेशी वाकते. ‘एफ’ त्या दोरीत गुंफलं जात नाही. जितकं ‘एफ’ जास्त तितका त्रास कमी. आपल्याकडच्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांत ते मुळातच आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा जास्त असतं. भाचीचे १७ टक्के त्यातलेच.

मग त्या क्रिस्परवर आल्या. ‘एफ’ बंद करण्याचं काम मुख्यतः बीसीएल११ए नावाचा जनुक करतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. पाटाच्या दारावर बसलेल्या पाटकऱ्यासारखा तो: पाणी आहे, दार त्याच्या हातात. कॅसजेव्ही करते ते इतकंच की रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांत या जनुकाला चालू ठेवणारा तुकडा क्रिस्परने तोडते. ‘एस’चा बिघाड तसाच राहतो, पण ‘एफ’ पुन्हा वाहू लागतं. चाचणीत ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला त्या ३१ पैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा मोठा झटका आला नाही.

आणि हायड्रॉक्सियुरिया? बाई म्हणाल्या, ‘वो भी एफ ही बढ़ाता है.’

मी क्षणभर बघतच राहिलो. १८ कोटींचा उपचार आणि बहिणीने कपाटात ठेवलेली कॅप्सूल, दोघांचं लक्ष्य एकच! परिणाम सारखाच असतो असं कुणी समजू नये. कॅप्सूल ‘एफ’ थोडं वाढवते, शिवाय पांढऱ्या पेशी कमी करते, त्यामुळे पेशींची चिकटाचिकटी कमी होते. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिने झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. पण ती रोज घ्यावी लागते, रक्ताची तपासणी करत राहावं लागतं आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर काही काळ थांबवावी लागते. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं, हेही बाईंनी भाचीला स्वतःला सांगितलं, आईला नाही. ते मला आवडलं.

कॅसजेव्हीची दुसरी बाजू बातमीत नव्हतीच. बदललेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधीची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, केमोच्या औषधाने रिकामी करावी लागते. काही आठवडे दवाखान्यात, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका. बहिणीने हे ऐकलं आणि क्रिस्परबद्दल पुढे एकही प्रश्न विचारला नाही. निघताना तिने विचारलं ते, ‘हाई गोळी कितला दिन लेवानी?’ बाईंना अहिराणी कुठून कळणार, मी हिंदीत सांगितलं. उत्तर आलं, बहुत साल.

मला मात्र चैन पडेना, मी वाचत राहिलो. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाळाची गोष्ट जाहीर झाली. त्याच्या यकृतातल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) बिघाडावर खास त्याच्यापुरतं जनुक-संपादन तयार केलं गेलं आणि ते स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिलं. पेशी बाहेर काढायच्या नाहीत, केमो नाही. कोविडच्या एमआरएनए लशींतही असेच कण होते. शिरेतून गेलेले कण आपसूक यकृताकडे जातात, म्हणून यकृताचं काम आधी जमलं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत ते पोचवणं अवघड, आणि सिकलसेलचं खरं घोडं तिथेच अडलंय. ते सुटलं तर केमो टळेल. माझं लक्ष आता किमतीपेक्षा तिकडे जास्त असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली, दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी विकसित केलेल्या देशी क्रिस्पर उपचाराची. बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ असं नाव, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. ग्रुपवर पुन्हा ‘कायमचा बरा’ सुरू झालं. या वेळी भाचीनेच लिहिलं, ‘अजून वेळ आहे, मी गोळी घेतेय.’

आता कामाच्या गोष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, म्हणून ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळासमोर जाऊन प्रमाणपत्र काढलं. एका टेबलावर ‘हातपाय तर धड दिसतायत’ हे ऐकावं लागलं. मी कायद्याची छापील प्रत पुढे ठेवली, तेव्हा कागद सरकला. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि एसटीतली सवलत यांसाठी हा कागद कामी येतो, तेव्हा कंटाळा करू नका.

शाळेतलं काम त्याहून नाजूक होतं. या पोरांनी पाणी भरपूर प्यायला हवं, अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो. पण शाळेतल्या मुली पाणी पीतच नाहीत, कारण स्वच्छतागृहाला कडी नाही. मुख्याध्यापिकांना भेटलो. कडी बसली, एका वर्गाला नाही तर सगळ्यांनाच उपयोग झाला. थंडीत पहाटेचा क्लास बंद केला. ताप आला की घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. न्यूमोनियाची लसही राहिली होती, ती घेतली.

गेल्या तपासणीत एमसीव्ही चांगलंच वर सरकलं होतं. भाचीने रिपोर्ट हातात पडताच आधी तोच आकडा शोधला आणि आईला दाखवला. दिवाळीनंतर एक झटका आला, पण पूर्वीसारखं सलाईनवर ठेवावं लागलं नाही.

धाकटा भाचा वाहक आहे, तरी ऊतक जुळले तर भाचीला प्रत्यारोपणासाठी अस्थिमज्जा देऊ शकतो, असं बाईंनी सांगितलंय. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ती तपासणी उन्हाळ्याच्या सुट्टीत करायची आहे. मेहुण्यांच्या बाजूच्या सगळ्यांची साधी चाचणी मात्र आधीच व्हायला हवी होती. दोन चुलतबहिणींची लग्नं ठरायच्या बेतात आहेत, त्या आपणहून जाऊन आल्या, एक वाहक निघाली आणि तिने मुलाकडच्यांनाही तपासायला सांगितलंय. बहिणीचा चुलतदीर तेवढा राहिलाय. कापूस निघू द्या, मग बघू, म्हणतो.