माळा बघणारा माणूस

इंदूर सोडून बडोद्याला आलो त्याला दीड महिना झाला आणि तेवढ्यात तीन जणींनी फोन करून विचारलं की सामान कोणाकडून नेलंस गं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव नाही सांगणार, कारण एकाच नावाच्या दोन शहरांतल्या ऑफिसांत माणसं अगदी वेगळी निघतात. निवडलं कसं ते सांगते.

आधी जुनं दुखणं. 2018 मध्ये नागपूरहून इंदूरला आलो तेव्हा रेट फोनवरच ठरला होता. टू बीएचके ना? हो. बारा हजार. झालं! गाडी सुदामानगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि मागचं दार काही उघडेना, सामान जास्त निघालं म्हणे, अजून सात हजार द्या मग उतरवतो. रात्रीचे नऊ, लेक कडेवर झोपलेली, गाद्या गाडीत. दिले मुकाट. कुठलं जास्त सामान विचारलं तर म्हणे माळ्यावरचं. आता माळ्याचं ना त्याने विचारलं होतं ना मी सांगितलं होतं.

म्हणून यावेळी जो घरी येऊन बघणार नाही त्याच्याशी भावाची गोष्टच करायची नाही असं ठरवलं. तिघं आले. पहिला दारातूनच मोबाइलवर व्हिडिओ काढून गेला. दुसऱ्याने चहा घेतला, पोहे घेतले, शेव अजून मागितली आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे 17 हजार लिहून दिले. तिसरा खोल्याखोल्यांतून फिरला आणि बाथरूमपाशी थांबून म्हणाला, दीदी, टांड भी दिखाओ, स्टूल है क्या? वर चढला तर आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब, चौरंग, गणपतीचं मखर, दोन ट्रंका. ये क्या है? म्हटलं बंब, पाणी तापवायचा. त्याने कागदावर लिहिलं, तांबे की टंकी, एक नग. मी तिथेच अर्धी विरघळले.

मग वॉशिंग मशीनपाशी जाऊन विचारतो, इसके बोल्ट रखे हैं? फ्रंट लोड मशीन नवीन येते तेव्हा आतला ड्रम हलू नये म्हणून मागून लांब बोल्ट लावलेले असतात, ते बसवताना काढतात आणि परत नेताना लावायचे असतात, नाहीतर ड्रम वाटभर आपटतो आणि सस्पेन्शन जातं. आमचे कधीच भंगारात गेले असणार, सर्व्हिसवाल्याकडून मागवले. याचा रेट 24 हजार. नवरा म्हणाला सात हजार जास्त! म्हटलं सात हजार मागच्या वेळीही गेलेच होते की, फक्त रात्री नऊला.

पण नुसतं माणूस बरा वाटला म्हणून नाही दिलं हं. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, फुकट दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे, मध्यप्रदेशचे 23, गुजरातचे 24. नोंदणीचं नाव आणि तारीखही येते. जीएसटीच 1 जुलै 2017 ला सुरू झाला, त्यामुळे जुन्या धंद्यांचीही तारीख बहुतेक तीच दिसते, पण पंचवीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या त्या पोहेवाल्याची आठ महिन्यांपूर्वीची निघाली, ती पण भलत्याच नावावर. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, लागत नाही, त्याचे कोणी पैसे लावले तर समजून घ्या.

इन्शुरन्सचं जरा नीट ऐका. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने, दोघांनीही कागदावर 3 टक्के इन्शुरन्स लिहिलं होतं. मी विचारलं पॉलिसी कोणत्या कंपनीची, नंबर मिळेल का? दुसरा म्हणाला, दीदी, टेन्शन मत लो. तिसऱ्याने सरळ सांगितलं की ही आमचीच हमी आहे, खरी पॉलिसी हवी तर वेगळी काढून देतो. काढली. कारण कायद्याने बिल्टीवर, म्हणजे सामान गाडीत घेतल्याच्या पावतीवर, सामानाची जास्त किंमत लिहून घेतली नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. आमच्या 24 मधलं गाडीभाडं 11 हजार, म्हणजे फार तर 1 लाख 10 हजार. घरातलं सगळं सामान तेवढ्यात येतं का? आणि नुकसानीची लेखी नोटीसही बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते, म्हणून बिल्टी फेकू नका.

बाकी, जिना, चढवणं-उतरवणं सगळं धरून रेट लिहून घेतला, गाडी शेअरिंगची नको म्हटलं, पैसे थोडे आधी आणि बरेचसे उतरवल्यावर.

गोध्र्याला टायर बसल्यामुळे गाडी पाच तास उशिरा आली, पण फोन ड्रायव्हरने आपणहून केला. चौरंगाचा एक पाय निखळला होता, तो मी बोलायच्या आत मुकादमाने पावतीवर लिहिला. खोकी मोजली तर 43 पैकी 42. 31 नंबर गायब! मी लगेच पॉलिसी काढून बसले, नवरा कस्टमर केअरला लागला, अर्धा तास नुसता गोंधळ. मग इंदूरहून शेजारच्या काकूंचा फोन, अगं तुमचं एक खोकं माझ्या ओट्यावरच आहे, लोणच्याच्या बरण्या दिसतायत, तूच ठेवलंस ना सकाळी सांडायला नको म्हणून?

हो, मीच. अजून तिथेच आहे, एक बरणी काकूंनी उघडलीये असं कळलं.