यजमानपदाची फाइल : सह्या, खोल्या आणि मतं (माझा अनुभव)

२०२४ च्या ऑलिंपिकच्या शर्यतीतून बोस्टन बाहेर पडलं ते मैदानं कमी होती म्हणून नव्हे. तोटा आला तर तो करदात्यांच्या पैशातून भरून देऊ, अशा हमीवर आपण इतक्यात सही करणार नाही, असं २७ जुलै २०१५ ला तिथल्या महापौरांनी जाहीर केलं आणि त्याच दिवशी दावेदारी संपली. अमेरिकेकडून पुढे लॉस एंजेलिस आलं. ओस्लोचंही तेच. २०२२ च्या हिवाळी स्पर्धेसाठी नॉर्वे सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये आर्थिक हमी द्यायला नकार दिला आणि बर्फ, उतार, अनुभव सगळं जवळ असलेलं शहर घरी बसलं. शेवटी मतदानात दोनच नावं उरली, बीजिंग आणि अल्माटी. बीजिंग ४४ विरुद्ध ४० मतांनी जिंकलं.

यजमानपदाच्या फायलींवर काम केल्यामुळे माझं मत असं झालंय, की लोकांना आठवणारा मतदानाआधीचा शेवटचा सादरीकरणाचा सोहळा, ती फिल्म आणि व्यासपीठावरची लहान मुलं, हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. खरा जीव जातो तो कोणी, कशावर आणि कोणत्या तारखेला सही करायची यात.

आधी रचना सांगतो, कारण ती बदलली आहे. पूर्वी सगळी शहरं एकाच वेळी अर्ज करायची, जाडजूड ग्रंथ छापायची आणि स्पर्धेच्या सात वर्षं आधी मतदान व्हायचं. जून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने (आयओसी) ते मोडलं. आता भावी यजमानांसाठी दोन आयोग आहेत, उन्हाळी स्पर्धेसाठी जास्तीत जास्त दहा सदस्यांचा आणि हिवाळीसाठी आठ. कार्यकारी मंडळातल्या कुणाला त्यात घेत नाहीत. आधी ‘अखंड संवाद’ चालतो. यात शहराला कसलंच बंधन नसतं, कच्चे आराखडे दाखवून प्रश्न विचारता येतात. मग कार्यकारी मंडळ एखाद्याला ‘लक्ष्यित संवादा’साठी बोलावतं. प्रश्नावली, हमीपत्रं आणि तपासणी इथेच होते. सात वर्षांची अटही गेली. ब्रिस्बेनला २४ फेब्रुवारी २०२१ ला बोलावणं आलं आणि २१ जुलैला टोकियोच्या अधिवेशनात ७२ विरुद्ध ५ मतांनी २०३२ ची स्पर्धा मिळाली, म्हणजे अकरा वर्षं आधी. जून २०२५ मध्ये, क्रिस्टी कॉव्हेंट्री अध्यक्ष झाल्यावर, आयओसीने ही निवडप्रक्रियाच थांबवून तिचा फेरविचार सुरू केला. त्यामुळे जुना नमुना समोर ठेवून काम सुरू करणाऱ्याने आधी ताजे नियम मागवावेत.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो. या कामात ‘एनओसी’ म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हे, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती. पहिल्या बैठकीत सरकारी खात्यांचा यावर हमखास गोंधळ होतो.

आता हमीपत्रं. यजमान शहराच्या करारावर शहर, राष्ट्रीय समिती आणि आयओसी सह्या करतात. निवडीनंतर स्थापन होणारी आयोजन समिती नंतर त्यात सामील होते. जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते, म्हणजे आयोजन समितीचे पैसे संपले तर शहराला अंग काढून घेता येत नाही. कराराला स्विस कायदा लागू होतो. शहराच्या कायदा विभागाने हे कलम पहिल्याच आठवड्यात वाचलेलं बरं. शेवटच्या महिन्यात वाचलं की सही अडते.

सरकारकडून लागणाऱ्या हमी एकाच खात्याच्या हातात नसतात. स्पर्धेचं ओळखपत्र असलेल्याला व्हिसाशिवाय प्रवेश हे गृह किंवा परराष्ट्र खात्याचं काम. नेमबाजांच्या रायफली, प्रक्षेपणाची यंत्रं, संघाच्या डॉक्टरांची औषधं शुल्काशिवाय आत येऊ देणं सीमाशुल्काचं. घोड्यांचं विलगीकरण पशुसंवर्धनाचं. परदेशी डॉक्टरांना आपापल्या संघावर उपचार करू देणं आरोग्याचं. शिवाय रेडिओ लहरी, करसवलती, सुरक्षा, पाच वर्तुळांच्या चिन्हाचं कायदेशीर संरक्षण आणि स्पर्धेच्या काळात शहरातल्या जाहिरात-फलकांवर ताबा. मजकुराचा साचा बहुधा ठरलेला येतो आणि अडचण तिथेच होते. खात्याचा विधी अधिकारी सवयीने ‘उपलब्ध निधीच्या मर्यादेत’ किंवा ‘प्रचलित नियमांच्या अधीन राहून’ असे चार शब्द घुसडतो. त्याच्या दृष्टीने ही काळजी, तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती हमीच उरत नाही. पत्र परत येतं, पुन्हा तोच प्रवास. म्हणून प्रत्येक हमीसाठी एक पान ठेवायचं : मूळ मजकूर, कोणत्या खात्यात, कोणाच्या टेबलावर, बदललेले शब्द, सही करणाऱ्याच्या अधिकाराचा पुरावा आणि मधे निवडणूक आहे का. शेवटचा रकाना मी पूर्वी ठेवत नव्हतो. आता तो सगळ्यात आधी भरतो.

हॉटेलं हा दुसरा चिवट विषय. उन्हाळी ऑलिंपिकसाठी साधारण ४० हजार खोल्यांचा हिशेब मागितला जात आलाय. क्रीडाग्राम त्यात धरायचं नाही, तिथे साडेदहा हजार खेळाडू आणि त्यांचे अधिकारी मिळून सुमारे १६ हजार खाटा वेगळ्या. शहराच्या पर्यटन विभागाचा आकडा नेहमी भरघोस असतो, पण तो कागदावर टिकत नाही. समजा, ३०० खोल्यांचं हॉटेल आहे. त्यातल्या ४० विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी वर्षभर बांधलेल्या. मालक दहा टक्के, म्हणजे ३०, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवणार. उरल्या २३०. त्यातल्या एका खाटेच्या किती, चाकाच्या खुर्चीला दार पुरेल अशा किती, हे वेगळंच. फाइलमध्ये २३० लिहायचं, ३०० नाही. बांधकामाधीन हॉटेलं मी वेगळ्या तक्त्यात टाकतो आणि परवानगी नसलेली अजिबात धरत नाही.

पत्रावर सही व्यवस्थापकाची असली तर ती अपुरी. इमारत एकाची, चालवणारी कंपनी दुसरी आणि नाव तिसऱ्याचं, असं सर्रास असतं. स्पर्धेपर्यंत इमारत विकली गेली तर नव्या मालकावर करार बंधनकारक राहील असं वाक्य लागतं. दरही आकड्यात लिहून घ्यायचा नाही, सूत्रात घ्यायचा : आधीच्या अमुक वर्षांतल्या त्याच महिन्याचा सरासरी दर अधिक महागाई. किमान मुक्काम किती रात्रींचा आणि नाश्ता धरून की सोडून, हे लिहायचं राहिलं की नंतर भांडणं ठरलेली.

पैशांच्या दोन वह्या असतात. एक आयोजन समितीची : प्रक्षेपणातला वाटा, प्रायोजक, तिकिटं यांतून जमा आणि स्पर्धा चालवण्याचा खर्च. दुसरी भांडवली : मेट्रो, रस्ते, क्रीडाग्राम, स्टेडियम, बहुतेक सरकारी पैसा. चूक होते ती दोन्हींच्या फटीत. तात्पुरत्या खुर्च्या, तंबू, जनरेटर, केबल, कुंपण, ज्याला या धंद्यात ओव्हरले म्हणतात, तो प्रत्येकजण दुसऱ्याच्या वहीत आहे असं समजतो. दुसरी फट कराची. लंडनने २०१२ साठी सार्वजनिक खर्च २.४ अब्ज पौंड धरला होता. मार्च २००७ मध्ये तो ९.३ अब्जांवर गेला. त्या वाढीव आकड्यात २.७ अब्ज आकस्मिक निधीचे होते आणि ८० कोटी पौंडांहून जास्त निव्वळ मूल्यवर्धित कराचे. सुरक्षेचा खर्चही वाढला होता. आता मी प्रत्येक ओळीसमोर तीन खुणा मागतो : कर धरलाय का, किंमत कोणत्या वर्षाची, आकस्मिक निधी ओळीत आहे की तळाशी.

मैदानांच्या बाबतीत नवं बांधायचा आग्रह आयओसीने सोडलाय, हे चांगलंच झालं. पॅरिसने सर्फिंग थेट ताहितीत नेलं, लॉस एंजेलिस २०२८ चं सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत होणार आहे. पण ‘असलेलं मैदान’ म्हणजे तयार मैदान नव्हे. ॲथलेटिक्ससाठी ४०० मीटरची धावपट्टी सगळे दाखवतात. सरावाची दुसरी धावपट्टी चालत जाण्याच्या अंतरावर लागते, तिथे वाहनतळ निघतो. एखाद्या इनडोअर हॉलमध्ये तात्पुरता तलाव करू, हे वाक्य फाइलमध्ये सहज लिहिलं जातं. ५० गुणिले २५ गुणिले ३ मीटर म्हणजे ३,७५० घनमीटर, म्हणजे ३,७५० टन पाणी. जमिनीखाली तळघर असेल तर तिथेच विषय संपतो. नौकानयनाला दोन किलोमीटर सरळ पाणी हवं आणि प्रत्येक लेन साडेतेरा मीटर रुंद. नदीच्या वळणाला हे पटवता येत नाही.

फुटबॉलच्या विश्वचषकात हाच खेळ क्षमतेच्या आकड्यावर होतो. गटसामन्यांना ४० हजार, उपांत्यला ६० हजार, सलामी आणि अंतिम सामन्याला ८० हजार. स्टेडियमच्या पाटीवर ४२ हजार लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यांचे मंच, पत्रकारांची टेबलं, त्यांच्यामागे ज्या खुर्च्यांवरून खेळ दिसत नाही त्या, आणि पाहुण्यांचा विभाग काढला की खरा आकडा चाळिशीच्या खाली घसरतो. २०२६ साठी अमेरिकी फुटबॉलची मैदानं घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट आडवी आली : त्यांची पट्टी ४८.८ मीटर रुंद आणि फिफाला हवी ६८. दोन्ही बाजूंना जवळपास दहा-दहा मीटर जागा काढायची, म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्च्या तोडायच्या, आणि कृत्रिम हिरवळीवर खरं गवत आणायचं. शिकागोने तर मार्च २०१८ मध्येच माघार घेतली होती, आणि कारण पुन्हा तेच : करदात्यांवर किती बोजा पडेल याची खात्री मिळत नव्हती.

वाहतुकीवर फार लिहीत नाही. नकाशावरची मिनिटं मानू नका, स्पर्धेच्याच महिन्यात, त्याच वेळेला गाडी फिरवून मोजा.

लोकांचं मत मात्र टाळता येत नाही. आयओसी स्वतः सर्वेक्षण करते, तुमचं घेत नाही. हॅम्बुर्गने नोव्हेंबर २०१५ मध्ये जनमत घेतलं, ५१.६ टक्के विरोधात गेले. कॅलगरीत नोव्हेंबर २०१८ मध्ये ५६.४ टक्के. जनमत घ्यायचंच असेल तर ते खर्चाचा आकडा जाहीर केल्यावर आणि हमीच्या सह्यांआधी घ्यावं. उलट क्रमाने घेतलेलं जनमत लोकांना फसवणूक वाटतं आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही.

मतदान गुप्त असतं. ज्या देशाचं शहर रिंगणात आहे त्याच्या सदस्यांना मत नसतं, शहर बाद झालं की मिळतं. पूर्वीच्या फेऱ्यांच्या पद्धतीत आकडे वाचायला शिकावं लागे. कोपनहेगन, २ ऑक्टोबर २००९, २०१६ ची निवड. पहिली फेरी : माद्रिद २८, रिओ २६, टोकियो २२, शिकागो १८. अनेकांना दावेदार वाटणारं शिकागो पहिलंच बाहेर. दुसऱ्या फेरीत टोकियोची मतं वाढायच्याऐवजी २० वर आली आणि रिओ ४६ वर गेलं. माझा अर्थ : पहिल्या फेरीतली काही मतं नुसत्या शिष्टाचाराची होती, लाज राखण्यापुरती. शेवटी रिओ ६६, माद्रिद ३२. आता एकच नाव समोर येत असल्यामुळे ही गणितं गेली आणि सगळं वजन आधीच्या कागदांवर आलं.

तरीही सही सुटत नाही. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात फ्रेंच आल्प्सला २०३० ची हिवाळी स्पर्धा ८८ पैकी ८४ मतांनी मिळाली, पण सशर्त. देशात नुकतीच निवडणूक होऊन सरकार अधांतरी होतं, म्हणून पंतप्रधानांची हमी १ ऑक्टोबरपर्यंत आणि संसदेची मान्यता १ मार्च २०२५ पर्यंत आणायची अट घातली गेली. त्या हमीच्या पानावर निवडणुकीचा रकाना कुणी भरला असेल, तर त्याचा तो उन्हाळा कसा गेला असेल ते मला कळू शकतं.