सावंतवाडीला पोरांना घेऊन गेलो त्याबद्दल (गंजिफा)

डिसेंबरात सेकंड इयरची चौदा मुलं घेऊन चार दिवस सावंतवाडीला जाऊन आलो. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे, तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात, त्यांच्यासमोर मुलांना बसवायचं एवढंच ठरवलं होतं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. कॉलेजात कॉम्प्युटरवर मत्स्य अवताराची दश्शी, म्हणजे दहा माशांचं पान, करायला मुलांना पाच मिनिटं लागतात, एक मासा काढला की कॉपी-पेस्ट. इथे तेवढ्याशा गोलात दहा मासे ब्रशने बसवायचे, दाटी वाटता कामा नये आणि हातात पान आल्या आल्या दश्शी की नव्वी ते कळलं पाहिजे. कॉम्पोझिशनवर मी अख्खं सेमिस्टर जे बोललो ते मुलांना पहिल्या सकाळीच उमगलं. एकीने थेट राजा रंगवायला घेतला तर शेजारचे आजोबा म्हणाले, "आधी रेघ मारूक शीक गो, मगे राजाक हात लाव." दोन दिवस तिने नुसत्या रेघा मारल्या आणि शेवटच्या दिवशी काढलेला तिचा एक्का खरंच सुंदर आहे.

संध्याकाळी खेळायलाही शिकलो. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. खेळल्याशिवाय हे पत्ते नीट समजत नाहीत, म्हणून एक संध्याकाळ त्यासाठी ठेवाच.

जाणार असाल तर गणपतीच्या आधी अजिबात जाऊ नका, चित्रकार मंडळी मूर्तींत अडकलेली असतात आणि कोकण रेल्वेचं तिकीटही मिळत नाही. सावंतवाडी रोड स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा आधीच सांगून ठेवा. एका वेळी पाचच मुलं आत न्या, बाकीची चितारआळीत लाकडी खेळणी बघायला पाठवा, तिथे लाखेचं काम बघता येतं. फोटो विचारूनच काढायचे, आणि नक्षी घरी आणून टी-शर्टवर छापायची नाही हे निघायच्या आधीच बजावा.

आणि पैसे. आमच्या बजेटमध्ये गेस्ट लेक्चरला मानधन होतं पण कारागिरांच्या नावापुढे काहीच नव्हतं, मला फार लाज वाटली, भांडून तेवढाच रेट मंजूर करून घेतला. तुम्ही प्रपोजलमध्येच लिहा, पदनाम "शिक्षक" आणि ग्रेडिंगचे निम्मे मार्क त्यांच्या हातात.